पर्सांचा गोलू

मला फक्त एक कप्पा हवा होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक हमखास विचारतात, "पण मुळात तू हे केलंसच कशाला?" कशाला म्हणजे, कपाटातल्या एका कप्प्यासाठी.

पुण्याहून नोकरीसाठी चेन्नईला आलो आणि अण्णा नगरमध्ये घर भाड्याने घेतलं, तेव्हा बेडरूममधलं भिंतभर कपाट आम्ही नवरा-बायकोने अगदी लोकशाही पद्धतीने वाटून घेतलं होतं. डावी बाजू रुचिराची, उजवी माझी. मग रुचिराच्या पर्स उजवीकडे सरकायला लागल्या. आधी माझा वरचा कप्पा गेला, मग मधला, मग मी प्रवासाला गेलेला असताना खालचाही. माझे शर्ट, पँटी, बनियन आणि उरलीसुरली अब्रू पलंगाखालच्या सुटकेसमध्ये राहायला गेली. तेव्हापासून मी रोज सकाळी गुडघ्यांवर बसून, जमिनीला कपाळ टेकवून कपडे शोधतो. (घरमालकीण राजसबाईंनी एकदा दारातून हे पाहिलं. त्या मला भाविक समजतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

बरं, या पर्स दिसतात तरी का? नाही. प्रत्येक पर्स आपापल्या मऊ कापडी पिशवीत, वर नाडी बांधून. कुठल्या पिशवीत कोण झोपलंय हे खुद्द रुचिरालाही आठवत नाही. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे एक संवाद होतो.

"मला एक काळी पर्स हवीय."

"आहे की तुझ्याकडे काळी."

"ती काळी नाहीये उपेंद्र, ती चारकोल आहे."

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी ऑफिसला निघताना ती म्हणाली, "उद्यापासून हळदीकुंकवाला जायचंय सगळीकडे. एक बरीशी पर्स नाही माझ्याकडे. संध्याकाळी परस्पर घेऊनच येते."

मी त्या दिवशी घरून काम करत होतो. म्हणजे लॅपटॉप उघडा होता आणि मी मोबाइलवर एक लेख वाचत होतो. लेखिकेचं म्हणणं असं, की नवी पर्स घेण्याआधी आहेत त्या बाहेर काढा, डोळ्यांसमोर मांडा, त्यांच्याशी पुन्हा मैत्री करा. नवीन घ्यायची हौस आपोआप भागते. मी तो लेख पुन्हा वाचला. मला त्या लेखात माझा कप्पा दिसायला लागला. मी रुचिराला फोन केला. "दुकानात जायच्या आधी घरी ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

आता मांडायच्या कुठे? तर हॉलमध्ये पायऱ्या तयारच होत्या.

या पायऱ्या राजसबाईंच्या. राजसबाई खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचं घराणं तंजावरकडचं मराठी. त्यांचं मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलं आणि परत आलंच नाही, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की मला बखर ऐकल्यासारखं वाटतं. इथे नवरात्रात घरोघरी गोलू मांडतात. जिन्यासारख्या पायऱ्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरून देवादिकांच्या बाहुल्या. या वर्षी रुचिरानेही गोलू मांडायचा असं राजसबाईंनीच ठरवलं होतं. त्या दिवशी दुपारी त्यांनी आपल्या जुन्या घडीच्या पायऱ्या वर आणवल्या, त्यांवर वेष्टी, म्हणजे इथलं पांढरं धोतर, अंथरली, सगळ्यांत वर कलश आणि लाकडाची राजा-राणीची जोडी ठेवली आणि समोर दिवा लावला.

"बाहुल्या संध्याकाळीं मी घेऊन येतें. तोंवर यांना हात लावूं नका उपेंद्रराव," असं बजावून त्या खाली गेल्या.

मी राजा-राणीला अजिबात हात लावला नाही. पायऱ्यांना लावला.

आपल्याकडे गौरीपुढची आरास दिवसातून तीनदा हलवतात (हलवायला नवरा असतो). संध्याकाळी रुचिराला पर्स दाखवायच्या, तिचे डोळे उघडायचे आणि सगळं आवरून ठेवायचं, असा माझा साधा हिशेब होता.

पण पर्स उभ्याच राहीनात. रिकामी पर्स मान टाकते. तिच्यात काहीतरी भरावं लागतं. त्यांच्याच कापडी पिशव्या आत कोंबल्या, तर तळसुद्धा भरला नाही. घरात रद्दी नाही, कारण पेपर आम्ही फोनवर वाचतो. रुचिराच्या ओढण्या भरल्या असत्या, पण त्या चुरगळल्या तर माझं काय होतं ते मला माहीत आहे. मग मी पलंगाखालून माझी सुटकेस ओढली. निळा शर्ट हिरव्या पर्समध्ये बसला. पँटी मोठ्या टोट बॅगांमध्ये गेल्या. छोट्या क्लचमध्ये मोजे, आणि त्या मोत्यांच्या, लग्नात मिरवायच्या नाजूक बटव्यात एक बनियन असं काही चपखल बसलं, की तो बटवा बनियनसाठीच शिवला असावा. सगळ्या पर्स ताठ उभ्या राहिल्या. पायऱ्या भरल्या. सुटकेस रिकामी झाली. माझ्या अंगावर कंपनीचा काळा टी-शर्ट आणि घरातली हाफ पँट एवढंच उरलं, आणि मी खूश होतो, हे विशेष.

संध्याकाळी रुचिरा आली ती राजसबाईंबरोबरच. त्यांच्या हातात बाहुल्यांची टोपली होती. दोघी दारातच थांबल्या.

"उपेंद्र!" रुचिरा म्हणाली. त्या एका शब्दात आमच्या संसाराचं भवितव्य होतं.

"रागावू नकोस. आधी नीट बघ. इतक्या पर्स असताना तुला आणखी..."

"अय्यो!" राजसबाईंनी टोपली खाली ठेवली आणि हात जोडले. "थीम गोलू! गेल्या वर्षीं मैलापुरांत एकीनं क्रिकेटचं केलं होतं, एकीनं मेट्रोचं. बॅगांचं कोणींच नाहीं केलं. रोंब, फार चांगलं जाहलं!"

"नाही हो, थीम वगैरे काही नाही," मी म्हणालो. "मी आत्ता आवरतो हे."

"आवरतां? दिवा जळूलागला अहे! दिव्यासमोर मांडलं, तें देवीचं जाहलं. आतां विजयादशमीपर्यंत हलवायचं नाहीं."

"अहो, पण आत माझे शर्ट आहेत."

"शर्टही देवीचे. तुम्हांसारख्या भाविकाला कां सांगायला पाहिजे?"

मी रुचिराकडे पाहिलं. ती हसत होती. सात वर्षांच्या संसारात तिला इतकं मनापासून हसताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसची वेळ झाली. मी पाय न वाजवता हॉलमध्ये गेलो. हिरव्या पर्सच्या चेनमधून निळ्या शर्टाची बाही थोडी डोकावत होती. मी ती दोन बोटांनी धरली.

"हात काढा!" राजसबाई दिव्यात तेल घालायला आल्या होत्या. "देवी बसली अहे तिथें!"

(देवी माझ्या बनियनवर बसलीय, हे मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती.)

"रुचिरा, मी आज दोन नवीन शर्ट घेऊन येतो," मी आत जाऊन म्हणालो.

"नवीन?" रुचिराने डोळे मोठे केले. "अरे, एवढे आहेत की तुझ्याकडे! आधी आहेत त्यांचा आनंद घे. समोर बस, नजर भरून बघ, मैत्री कर."

तो लेख मीच तिला पाठवला होता.

शेवटी राजसबाईंचे यजमान वेंकोबाराव मदतीला आले. ते आवडी नावाच्या गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अंगाने माझ्या दुप्पट आणि स्वभावाने अतिशय दयाळू. त्यांनी आपली एक वेष्टी दिली आणि ती नेसवूनही दिली. असा मी काळा टी-शर्ट आणि पांढरी वेष्टी या वेषात मेट्रोत चढलो, मग बसमध्ये, आणि पेरुंगुडीच्या आमच्या काचेच्या ऑफिसात शिरलो. रिसेप्शनवरची वाणी नावाची मुलगी उभी राहिली. सिक्युरिटीवाल्याने सलाम सोडून नमस्कार केला. हा तमिळ पंचांगातला पुरट्टासी महिना. इथे पुष्कळ लोक पेरुमाळसाठी, म्हणजे विष्णूसाठी, व्रत करतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेषात आल्यावर तर कुणाच्या मनात शंकाच राहिली नाही. कॅंटीनमध्ये मी ऑम्लेट मागितलं तर तिथल्या माणसाने कानाला हात लावला. "सार! पुरट्टासी!" आणि माझ्या ताटात दहीभात वाढला. नवरात्रभर मी दहीभात खाल्ला. एकदा जर्मनीच्या मीटिंगमध्ये स्क्रीनकडे जायला उठलो, तर वेष्टी खुर्चीच्या चाकात अडकून खुर्चीपाशीच राहिली. माझं व्रत फार कडक आहे, असं माझ्या मॅनेजरने जर्मन लोकांना समजावून सांगितलं.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. रोज संध्याकाळी बायका येत. हळदीकुंकू होई, सुंडलचे, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचे, द्रोण फिरत, कुणीतरी गाणं म्हणे, आणि मग सगळ्या रुचिराला विचारत, "ही कुठली? आणि ही?" रुचिरा सांगत बसे. हिरवी पर्स पहिल्या पगाराची. तपकिरी, बंद तुटलेली, ती मुलाखतीला जाताना बसमध्ये तुटली आणि तरी नोकरी मिळाली. खणाची तिच्या आईने शिवलेली. आई गेल्यापासून तिने ती उघडलीच नव्हती. आणि ती लाल, जिची चेन पहिल्या दिवसापासून लागत नाही, ती मी साखरपुड्यानंतर दिलेली.

"चेन लागत नाहीं, तर टाकली कां नाहीं?" राजसबाईंनी विचारलं.

"त्याने दिलीय ना," रुचिरा म्हणाली.

मी दारात वेष्टी सावरत उभा होतो. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. त्या रात्री जेवताना रुचिरा म्हणाली, "उपेंद्र, माझ्याकडे इतकं छान छान आहे, मी विसरलेच होते रे. मला खरंच नको नवीन पर्स. आणि दसरा झाला ना, की त्यातल्या थोड्या वाटून टाकते आणि तुझा वरचा कप्पा तुला परत देते."

मी जिंकलो होतो! मी वरच्या कप्प्यात काय कसं ठेवायचं ते ठरवून टाकलं. डावीकडे शर्ट, उजवीकडे पँटी, मध्ये डांबराच्या गोळ्या. उरलेले दिवस दहीभातसुद्धा गोड लागला.

सरस्वतीपूजेच्या दिवशी दुपारी राजसबाई निवांत बसल्या, सगळ्या पायऱ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "यांत या वर्षींची नवी कोणती?"

"नवी कुठलीच नाही," रुचिरा अभिमानाने म्हणाली. "सगळ्या जुन्याच."

राजसबाईंचा चेहरा उतरला. "नवी नाहीं? अय्यो, असं नाहीं करायचं! गोलूंत दरवर्षीं एक तरी नवी यायला पाहिजे. आमच्या आजीपासून चालत आलं अहे. बाहुल्यांचं गोलू तर नवी बाहुली, बॅगांचं गोलू तर नवी बॅग. आज संध्याकाळच्या आंत आणा."

"म्हणजे दरवर्षी?" मी विचारलं.

"दरवर्षीं. एकदां मांडायला लागलं कीं सोडायचं नाहीं."

"बघ ना उपेंद्र, आता देवाचंच आहे म्हटल्यावर..." रुचिरा म्हणाली. ती फार जड मनाने गेली, असं तिचं म्हणणं आहे. जिना मात्र ती दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली.

संध्याकाळी बायकांनी हॉल भरलेला असताना ती परतली. नवी पर्स चांगली प्रशस्त होती, मऊ कातडीची. राजसबाईंनी ती मानाने सगळ्यांत खालच्या पायरीवर, मधोमध ठेवली. पर्सने मान टाकली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली.

"हिच्यांत कांहीं तरी भरायला पाहिजे," राजसबाई म्हणाल्या.

"चादरी सगळ्या बसायला अंथरल्यात," रुचिरा म्हणाली. "माझ्या साड्या चुरगळतील. आणि उपेंद्रचे कपडे तर केव्हाच संपले."

मग हॉलमधली एकेक बाई वळून माझ्याकडे बघू लागली. खरं म्हणजे माझ्याकडे नव्हे, वेष्टीकडे.

मी बेडरूममध्ये पळालो आणि दार लावून घेतलं. पाठोपाठ टकटक झाली.

"द्या बाहेर, उपेंद्रराव," राजसबाई मायेने म्हणाल्या. "आमच्या यांचीच तर अहे. उद्यांपर्यंतचाच प्रश्न."

मी दार किलकिलं करून वेष्टी दिली. रुचिराचा आवाज आला, "एक कोपरा अजून बसतोय रे. टी-शर्टही दे." हाफ पँट तिने मागितली नाही, ती त्या दिवशी सकाळीच भिजवली होती.

बाहेर टाळ्या पडल्या. पर्स उभी राहिली असावी. मी वळलो, तर समोर कपाट सताड उघडं. त्यात एकही पर्स नव्हती. डावी बाजू, उजवी बाजू, वरचे, मधले, खालचे, सगळे कप्पे रिकामे, स्वच्छ, माझ्यासाठी मोकळे. इतकी वर्षं एका कप्प्यासाठी झुरलो आणि आता अख्खं कपाट माझं होतं, आणि त्यात ठेवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. टॉवेल ठेवता आला असता, पण तो मी गुंडाळला होता.