टेकडीवरची डावी बाही

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात शिरलेला माणूस आधी "मास्तर" म्हणायचा आणि मग "कधी मिळणार?" असं विचारायचा. घाईत असला तर "मास्तर" गाळायचा. मास्तर मशीनवरून मान वर न करता "उद्या" म्हणायचे. हा उद्या उजाडायला तीन आठवडे लागतात हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, आणि गिऱ्हाइकांना ठाऊक आहे हे मास्तरांना ठाऊक होतं. हातात कसब होतं म्हणून निभत होतं, इतकंच. पण भाजी घेताना, पत्र टाकताना, न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला साबण फासलेला असतानासुद्धा मागून कोणीतरी विचारायचंच, "मास्तर, आमच्या पॅन्टचं काय झालं?"

जगात एकच जागा अशी होती, जिथे हा प्रश्न येत नव्हता. दर रविवारी सकाळी मास्तर आपली जाड टायरची सायकल काढत, पाण्याच्या टाकीमागून टेकडीच्या झाडीत शिरत, अर्ध्यावर एका वाकड्या झाडाशी वळत आणि माथ्यावरच्या सपाट खडकावर जाऊन बसत. ही वाट त्यांनी स्वतः शोधली होती. दोन वर्षांत तिथे त्यांना एकही माणूस भेटला नव्हता. खडकावर ते तासभर काहीही करत नसत आणि त्यासाठीच आठवडा काढत. बायकोलाही त्यांनी ही वाट सांगितली नव्हती. कारण बायकोचंही एक कापड होतं. निळं, बारीक फुलांचं, चार वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या ड्रेससाठी हौसेने आणलेलं. ते दुकानाच्या कपाटात वरच्या फळीवर अजून तसंच घडीत होतं.

घोळ झाला तो टेकडी सायकल मंडळामुळे. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. समोरच्याने तोंड उघडलं की ते बोलण्यासाठीही उघडलेलं असू शकतं, हे त्यांच्या कधी लक्षातच येत नसे.

"मास्तर," डॉक्टर दुकानात येऊन म्हणाले, "सगळ्यांनी आपापली एक वाट फोनवरच्या नकाशावर टाकायची ठरलंय. मी टाकली, बाईंनी टाकली, वायरमनने दोन टाकल्या. तुम्ही आमच्या सगळ्या वाटा फुकटात फिरलात. तुमची कुठंय?"

"टाकतो की."

"कधी?"

"उद्या."

"ही पॅन्ट नाही मास्तर. आज संध्याकाळपर्यंत टाका, नाहीतर मंडळातून नाव कमी."

मंडळात मास्तर सोडून चौदा माणसं होती आणि चौदाही मास्तरांची गिऱ्हाइकं होती. नाव कमी होऊन चालणार नव्हतं. आणि खरी वाट सांगितली, की पुढच्या रविवारी खडकावर चौदा जणांच्या पॅन्टची चौकशी. मास्तरांनी कापायच्या टेबलावर फोन आडवा ठेवला. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला नुसती काटेरी झुडपं होती, तिकडे चिटपाखरू फिरकत नसे. मास्तरांनी खडूसारखं बोट धरलं आणि त्या बाजूला पायथ्यापासून माथ्यापर्यंत झोकात एक रेघ ओढली. खाली अवघडपणा विचारला होता. तिथे त्यांनी लिहिलं, 'अतिशय अवघड. फक्त अनुभवी लोकांसाठी.' शेरा म्हणून लिहिलं, 'वाट चटकन दिसत नाही. नवख्यांनी येऊ नये.' आता कोण मरायला जातंय तिकडे, असं म्हणून ते निवांत झाले. मास्तरांना कापडाची नस कळत होती, माणसांची नाही.

रविवारी संध्याकाळी डॉक्टर आले. हातांवर कोपरापर्यंत ओरखडे आणि कपाळावर पट्टी.

"मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "काय वाट आहे."

मास्तरांची कातर हवेतच राहिली. "सापडली?"

"म्हणजे काय? वीस वर्षं सायकल चालवतोय. नवख्याला नसती सापडली."

"शेवटपर्यंत गेलात?"

"शेवटचा टप्पा तर कळसच आहे," असं म्हणून डॉक्टरांनी घाईघाईने विषय स्वतःच्या पॅन्टवर नेला.

मंगळवारी वायरमन आला. तो म्हणे कुठेही न थांबता गेला होता, फक्त मधल्या उतारावर ब्रेकला बोट लावलं. बुधवारी बाई आल्या. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सगळ्यांना विचारलं, "वाटेतल्या झऱ्याचं पाणी प्यायलात की नाही? काय गार आहे." त्यानंतर जो गेला तो झऱ्याचं पाणी पिऊनच आला. मग कोणीतरी झऱ्यावर पूल बांधला. दहा दिवसांत तेरा जणांनी त्या वाटेला पाच-पाच तारे दिले. फक्त एकाने साडेचार दिले, कारण पूल जरा अरुंद होता.

आता मास्तरांनाच शंका यायला लागली. आपण खोटं बोलतो ते ठीक आहे, आपला धंदाच तो. पण चौदा शहाणीसुरती माणसं कशाला बोलतील? पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी दुकान बंद करून ते स्वतः बघायला गेले. झुडपांनी त्यांना दोन मिनिटांत आत घेतलं आणि बाहेर सोडायला अर्धा तास लावला. झरा नव्हता, पूल नव्हता, वाटेचा तर मागमूसही नव्हता. मास्तर परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाची डावी बाही तिकडेच राहिली होती.

बायको दुकानाच्या आतल्या बाजूला काज-बटणं करत बसली होती. तिने नवऱ्याकडे नखशिखान्त पाहिलं. "अहो, हे काय करून घेतलंत?"

मास्तरांनी खोट्या वाटेचं सगळं सांगितलं. आपली खरी वाट तेवढी सांगितली नाही. तिने फोन मागितला, नकाशा आधी लांब धरून पाहिला, मग जवळ.

"ही बाही आहे," ती म्हणाली.

"काय?"

"डावी बाही. हे मनगट, हा कोपर, हा वर मुंढा. शिलाईसाठी अर्धा इंचसुद्धा सोडलाय. तुमच्या हाताला दुसरं काय येतंय?"

मास्तरांनी पाहिलं. बाहीच होती, आणि बेतलेलीही उत्तम होती.

"पण तुम्ही एकटी बाही कधी कापलीत?" ती म्हणाली. "कापड दुमडून दोन्ही एकदम कापता. मग उजवी कुठंय?"

"उजवी-बिजवी काही नाही," मास्तर जरा जास्तच घाईने म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "लोकांना खरं काय ते सांगून टाका." आणि तिने टेबलावरचा खाकी कागद आपल्याकडे ओढला.

मास्तर खरं सांगायला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सवयीने त्यांना खुर्चीत बसवलं.

"डॉक्टर, ती वाट नाहीच आहे."

डॉक्टरांचा चेहरा एकदम ताठ झाला. "नाही? मग मी गेलो कुठे? बाई पाणी प्यायल्या ते कुठलं?"

"तेच विचारायला..."

"आ करा," डॉक्टर म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी मास्तरांचे धडधाकट दात तपासले.

बाहेरच्या बाकावर वनाधिकारी बसले होते. त्यांच्या गणवेशाची नवी पॅन्ट मास्तरांकडे महिनाभर पडून होती. मास्तर चेहरा रुमालात लपवून निसटत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी मागून हाक मारली, "साहेब, त्या वाटेचे मास्तर ते हेच."

"असं का?" साहेब उठून उभेच राहिले. "वर्षभरात एक तरी वाट शोधा म्हणून वरून सारखी विचारणा चाललीय. येत्या रविवारी पाहणी करू आणि फलकही लावून टाकू. सगळं मंडळ येऊ द्या. पुढे तुम्ही."

"साहेब, रविवारी जरा..."

"आणि माझी पॅन्ट?"

"उद्या," मास्तर म्हणाले आणि घराकडे पळाले.

रविवारी पायथ्याला सगळं मंडळ जमलं. साहेब जुनी, आवळ पॅन्ट घालून आले होते. त्यांच्याबरोबर एक वनरक्षक होता. त्याने झुडपांकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "साहेब, इथे वाट नाही."

"तुम्हाला काय अनुभव?"

"या टेकडीवर तीस वर्षं नोकरी झाली."

"सायकलचा?"

"सायकलचा नाही."

"मग बरोबर. नवख्यांना दिसत नाही, लिहिलंयच तसं." वनरक्षकाने कोयता काढला.

आत शिरताना मंडळात एवढा विनय कधी कोणी पाहिला नव्हता. डॉक्टर बाईंना म्हणाले, आधी तुम्ही. बाई वायरमनला म्हणाल्या, आधी तू, तू न थांबता गेला होतास. वायरमन म्हणाला, मास्तर असताना मी कसा? शेवटी मास्तर पुढे झाले. फोनवरच्या रेघेवर नजर ठेवून ते सांगत आणि वनरक्षक तोडत जाई. सायकली चालवण्याचा प्रश्नच नव्हता, सगळ्यांनी त्या खांद्यावर घेतल्या होत्या. वीस पावलांवर एका काट्याला मास्तरांच्या शर्टाची डावी बाही लटकलेली दिसली.

"खूण बांधलीय," साहेब खूश होऊन म्हणाले. "व्यवस्था चोख ठेवलीत हो."

मंडळाला पहिल्यांदाच धीर आला. म्हणजे वाट खरोखरच होती तर. साहेबांनी मग झऱ्याची चौकशी केली.

"या दिवसांत आटतो," बाई म्हणाल्या.

"आणि पूल?"

"वाहून गेला असेल," वायरमन म्हणाला.

"झरा आटलाय ना?"

"त्याच्या आधी."

कोपराच्या वळणावर साहेबांची पॅन्ट मागून टर्रकन फाटली. सगळे झाडांकडे बघू लागले. दोन तास असे गेले. आणि मग वरची झाडी जरा विरळ झाली, तसे मास्तर थबकले. ते आभाळ त्यांच्या ओळखीचं होतं. रेघ सरळ त्यांच्या खडकाकडे निघाली होती. बोटाने सवयीप्रमाणे खऱ्या वाटेचीच दुसरी बाही कापली होती, माथ्यावर पहिलीला जोडून. आता सगळे वर पोचणार, पलीकडे डोकावणार आणि मास्तरांची खरी वाट त्यांना आयती दिसणार. संपलं सगळं. मास्तरांना रडू यायचंच बाकी होतं.

खडकावर मास्तरांची बायको बसली होती. मांडीवर साहेबांची नवी पॅन्ट घेऊन ती शेवटचं बटण लावत होती. अंगावर ओरखडा नाही, कपड्यांना साधी सुरकुतीही नाही. तिने दाताने दोरा तोडला आणि पॅन्ट साहेबांपुढे धरली. "घ्या साहेब. लागेल असं वाटलंच होतं."

साहेब खडकामागे गेले. बाकीच्यांनी सायकली टाकल्या आणि धापा टाकत तिच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही इथे कुठून आलात?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"याच वाटेने की," ती म्हणाली. "तुमच्या आधी."

"या वाटेने? आणि काटे?"

"सरावलेल्या माणसाला काय त्याचं. तुम्ही सगळे तर आधी येऊन गेलायत म्हणे. तेव्हा लागले होते का काटे?"

कपाळावरची पट्टी सावरत डॉक्टर म्हणाले, "छे, अजिबात नाही. आज जरा घाई झाली." बाईंनी मान डोलावली आणि मग सगळ्यांनीच डोलावली. वनरक्षक तेवढा तिच्या स्वच्छ चपलांकडे टक लावून बघत होता, पण त्याला सायकलचा अनुभव नव्हता.

"आता उतरायचं कुठून?" नवी पॅन्ट घातलेले साहेब म्हणाले.

"आलात तसेच," ती म्हणाली. "दुसरी वाट आहेच कुठे?"

सगळे पुन्हा काट्यांत उतरले. त्याच दुपारी पायथ्याला फलक लागला, आणि त्यावर मास्तरांनी लिहिलेलं सगळं ठळक अक्षरांत होतं. तेव्हापासून त्या वाटेला कोणी गेलेलं नाही. तारे मात्र अजून वाढतायत.

माथ्यावरही एक फलक लागेल, त्याची जागा बघतो म्हणून मास्तर मागे राहिले होते. खालून येणारे ओरडण्याचे आवाज दूर गेले, तसे ते बायकोशेजारी खडकावर टेकले.

"तुला कसं कळलं?"

"बाही कागदावर उतरवली आणि टेकडीच्या माथ्यावर घडी घातली. उजवी बाही बरोबर पाण्याच्या टाकीमागे उतरली. पंचवीस मिनिटांत आले चालत. छान आहे हो तुमची वाट."

"तू होतीस म्हणून वाचलो," मास्तर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. खडकावर नेहमीसारखी शांतता पसरली. मास्तरांनी पाय लांब केले.

मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. बायकोने घडी केलेलं एक कापड काढून दोघांच्या मध्ये ठेवलं. निळं, बारीक फुलांचं.

"मास्तर," ती म्हणाली, "कधी मिळणार?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मान खाली घालायला मशीन नव्हतं, लपायला गिऱ्हाइकांची गर्दी नव्हती. त्यांनी तोंड उघडलं.

"उद्या म्हणू नका," ती म्हणाली. पिशवीतून टेप काढून तिने त्यांच्या गळ्यात घातला, उभी राहिली आणि डावा हात पुढे केला. "बाहीपासून सुरुवात करा."