गरम मुठी आणि काजाचा टाका

सन दोन हजार बावीस, महिना डिसेंबर, तारीख आठ, वार गुरुवार, ऋतू हिवाळा. आणि हिवाळाही असा, की नळाखाली धरलेला हात आपलाच आहे याची खात्री डोळ्यांनी करून घ्यावी लागे. इतका नेमका तपशील देण्याचे कारण, मी जुनी मॅट्रिक आहे. आमच्या वेळी 'साधारण डिसेंबरात' असे लिहिणाऱ्याला शून्य मिळत असे.

त्या दिवशी मी एक फॉर्म खरा भरला. माझा अपराध म्हणाल तर एवढाच.

माझी सून रक्ततपासणी केंद्रात नोकरी करते. पहाटे सहाला मोटरसायकल काढून ती घरोघर रक्ताचे नमुने गोळा करीत फिरते. मोटरसायकल मूळची माझ्या मुलाची. परंतु तो जहाजावर रुजू झाला आणि सुनेने गाडी अशी काही ताब्यात घेतली, की सुटीवर आला म्हणजे आता तोच तिच्या मागे बसतो. (ते दृश्य मला फार आवडते. हे मी तिला सांगितलेले नाही.)

त्या गुरुवारी माझे रक्त घ्यायचे होते. फेरी संपवून ती घरी आली, तिने माझा दंड धरला आणि मी किंचाळले. थंडीने बधिर झालेल्या तिच्या बोटांना शीर सापडेना. सुई दोनदा टोचावी लागली. नंतर केंद्राकडून अभिप्रायाचा फॉर्म आला. मी चष्मा लावला.

"अगं, घरचीच मुलगी आहे," आमचे हे म्हणाले, "दहा लिही नि सोड."

"घरची आहे म्हणून तर नीट तपासायला हवं."

मी लिहिले: 'सेविकेचे हात बर्फासारखे थंड, वजा दोन. सुई दोनदा टोचली, वजा एक. ग्राहकाचे वय विचारले नाही, वजा एक. एकूण दहापैकी सहा.' खाली सही केली आणि तारीख घातली.

चार दिवसांनी सूनबाई घरी आली ती डोक्यावरचे हेल्मेट न काढताच खुर्चीत बसली.

"आई, मला एका ग्राहकाने दहापैकी सहा दिलेत."

"मग बरे आहेत की. मी सहसा पाचच्या वर जात नाही."

"म्हणजे ते खरंच तुम्ही?"

"खाली माझी सही आहे ना? निनावी लिहिणाऱ्यांतली मी नव्हे."

"सही बघितली मी. मला वाटलं, कुणीतरी तुमची खोटी सही केली!"

मग तिने सगळे सांगितले. केंद्राच्या नियमाप्रमाणे सातच्या खाली गुण गेले, की एकतीस जानेवारीच्या आत त्याच ग्राहकाकडून निदान आठ गुणांचा दुसरा फॉर्म आणायचा. न आणल्यास फेरी बंद. एक फेब्रुवारीपासून तळघरात बसून दिवसभर नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या.

"सकाळचा पहिला उजेड मी रस्त्यावर बघते, आई," ती हळूच म्हणाली, "तळघरात कसला उजेड? तुम्ही लिहून द्या ना, चुकून सहा पडले म्हणून."

"चुकून?" मी म्हणाले. "मॅट्रिकला गणितात ब्याण्णव होते मला. माझी बेरीज चुकत नसते. कागद बदलायचा नाही. हात बदलायचे."

"माझे?"

"गरम करायचे, असं म्हणतेय मी."

प्रथम मी लोकरीचे हातमोजे विणले. एक नव्हे, तीन जोड. पहिल्या जोडाची पकड हँडलच्या मुठीवरून सरके. दुसरा एवढा जाड झाला, की ब्रेक दाबायला बोट वाकेना. तिसरा जोड दृष्ट लागण्याजोगा साधला, पण गाडी वेगात धावू लागली की वारा विणीतून आरपार जाई. सूनबाईने तो जोड जपून कपाटात ठेवला. (वस्तू जपून कपाटात ठेवली म्हणजे काय समजायचे, हे मला ठाऊक आहे. लग्नात आलेल्या भेटवस्तू मीही तशाच जपल्या आहेत.)

मग ह्यांनी मोबाइलवर शोध लावला, की मोटरसायकलच्या हँडलला विजेवर गरम होणाऱ्या मुठी मिळतात. त्यांत तीन प्रकार. एक, आहे त्या मुठीवर पट्टीसारखा गुंडाळायचा. तो मी नाकारला, कारण गुंडाळलेली वस्तू सुटते. दुसऱ्यात दोन्ही हात मोठाल्या पिशव्यांत खुपसून गाडी चालवायची. ते मला सभ्यपणाचे वाटले नाही. तिसऱ्यात जुनी मूठ काढून तिच्या जागी नवी बसवायची आणि वायर बॅटरीला जोडायची. हा प्रकार मी पसंत केला. करायचे तर मुळापासून.

शिवणाची टेप घेऊन मी मुठीचा घेर मोजला. दहा सेंटिमीटर. त्याला बावीस सप्तमांशाने भागून व्यास काढला आणि दुकानदाराला फोन केला.

"एकतीस पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर व्यासाच्या मुठी द्या."

"मावशी, मोटरसायकलच आहे ना? की पाण्याची पाइपलाइन?"

"मी स्वतः मोजलंय."

"रबरावरून मोजलंय. रबराच्या आतली दांडी मोजायची असते. ती बावीसची असते."

"मग तसं स्पष्ट सांगायला हवं होतं."

"तुम्ही आत्ता तर फोन केलात!"

मी चूक मान्य केली. (भागाकार मात्र अचूक होता, हे त्याच्याकडून कबूल करून घेतले.)

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुठी आल्या. कोपऱ्यावरचा मेकॅनिक त्या बसवायला आला. त्या गृहस्थाला काम येते, पण ते करताना तो शीळ घालतो. मी खुर्ची टाकून समोर बसले आणि माहितीपत्रकातले एकेक कलम वाचत गेले.

"कलम चार. दांडी स्वच्छ पुसावी."

"पुसली, मावशी."

"दिसत नाही पुसलेली."

त्याने पुन्हा पुसली. दोन तासांनी मुठी बसल्या, बटण दाबले, दिवा लागला. मी घरातला तापमापक आणून उजव्या मुठीला लावला. एकशे तीन अंश. मुठीला सणसणीत ताप भरला होता! सूनबाईने दोन्ही हातांनी मुठी धरल्या, डोळे मिटले आणि म्हणाली, "आई! अहो, आई!" मला त्या तीन शब्दांत सर्व काही पोहोचले.

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलू लागली. उजव्या मुठीतून निघालेली वायर मेकॅनिकने सरळ बांधली नव्हती. मूठ आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये वायरीचा वीतभर झोल लोंबत होता.

"हे काय लोंबतंय?"

"ते तसंच असतं, मावशी. राहू द्या."

'तसंच असतं' हे उत्तर मी आयुष्यात कोणाकडूनही ऐकून घेतलेले नाही. तो गेल्यावर मी बराच वेळ त्या झोलाकडे पाहत राहिले. माझ्या घरात पडद्याची दोरी लोंबत नाही, परकराची नाडी लोंबत नाही, आणि माझ्या देखरेखीखाली झालेल्या कामात वायर लोंबावी? मी मेण लावलेला काळा दोरा घेतला. वायर घट्ट ओढून हँडलच्या दांडीशी लावली आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काजाचा टाका घातला. दर पाचव्या टाक्याला दुहेरी गाठ, ही माझी खास पद्धत. काम संपल्यावर चार पावले मागे सरून पाहिले. खरे सांगते, त्या मोटरसायकलला प्रथमच काही घरंदाजपणा आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला सूनबाई निघाली. फाटकातून बाहेर पडताच रस्त्याला लागण्यासाठी तिने हँडल डावीकडे पूर्ण वळवले, आणि गाडी आपल्या मनाने गरजली. तिने हँडल सरळ करण्याच्या आत ती समोरच्या शेजारणीच्या अंगणात शिरली, दोन कुंड्या ओलांडल्या, पायरीवर पुढचे चाक चढवले आणि तिथल्या आरामखुर्चीला उरावर घेऊन थांबली. नशीब, तेवढ्यात सूनबाईने क्लच दाबून इंजिन बंद केले. तिचा गुडघा खरचटला. नळ्यांची पेटी शाबूत राहिली. शेजारीण खुर्चीतली उशी छातीशी धरून दारात उभी होती.

"काकू, तुमची सून माझ्याकडे चहाला येते हो," ती म्हणाली, "पण अशी गाडीसकट कधी आली नव्हती!"

मेकॅनिकला बोलावणे धाडले. तो येईपर्यंत अर्धी गल्ली जमली होती. मी पायरीवर उभी राहिले आणि गंजलेले लोखंडही शरमेल असे भाषण केले. हलगर्जीपणा म्हणजे काय, शीळ घालत केलेल्या कामाचे परिणाम काय होतात, माझ्या सुनेच्या जिवावर कसे बेतले होते. मेकॅनिक मान खाली घालून सगळे ऐकत होता. मान खाली होती, म्हणूनच त्याला हँडलखालचे दिसले.

"मावशी," तो म्हणाला, "हे कुणी शिवलं?"

सगळी गल्ली हँडलखाली वाकून पाहू लागली.

"मी इथे झोल मुद्दाम सोडला होता. ही मूठ फिरली की रेस वाढते. वायर अशी आवळली, तर हँडल वळवताना वायर ताणते आणि मूठ आपोआप फिरते. म्हणून गाडी पळाली." मग तो खाली वाकला, टाके निरखले, सरळ होऊन शेजारणीच्या हातातल्या उशीकडे पाहिले. तो अभ्रा मीच तिला शिवून दिला होता. मेकॅनिक बोटाने मोजू लागला, "एक, दोन, तीन, चार... पाचव्याला डबल गाठ. इथेही पाचव्याला डबल गाठ."

सगळ्यांनी उशीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

अशा वेळी नवरा कामी येतो, असे म्हणतात. आमचे हे पुढे झाले, खाकरले आणि म्हणाले, "ते... मीच शिवलं. काल दुपारी, सहज."

"हो का?" गर्दीतून कोणीतरी म्हणाले. "छानच शिवता की काका!"

मी सुटले होते. गप्प राहायचे, एवढेच करायचे होते. पण दोन्ही बाजूंनी सारखा, एका रेषेत, दुहेरी गाठीचा काजाचा टाका ह्यांच्या नावावर जमा व्हावा? ज्यांना शर्टाचे बटण लावताना शर्ट पँटला शिवल्याचा इतिहास आहे, त्यांच्या?

"यांनी?" मी कडाडले. "असा टाका या गल्लीत दुसऱ्या कुणाला घालून दाखवू दे! मी शिवलंय ते!"

प्रथम सूनबाई हसली. खरचटलेला गुडघा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग गल्ली हसली. मेकॅनिकने कात्री मागितली. मी दिली नाही. माझे टाके मीच उसवले, एकेक करून, दोऱ्याला इजा न होऊ देता. त्यानंतर त्याने झोल पूर्ववत सोडला, हँडल दोन्हीकडे वळवून दाखवले आणि माझ्याकडे पाहून शीळ घातली. ती मी ऐकून घेतली.

"आई," रात्रीच्या जेवणाला सूनबाई म्हणाली, "सगळ्यांसमोर कबूल केलंत तुम्ही."

"खरं ते खरं."

"माझ्यासाठी?"

"टाक्यासाठी," मी म्हणाले. (निम्मे तिच्यासाठी. पण निम्मे गुण मी जाहीर करीत नाही.)

मंगळवार, एकतीस जानेवारी दोन हजार तेवीस. अखेरचा दिवस. तिची फेरी आठला संपायची होती. मी साडेसातपासूनच फाटकाशी उभी राहिले. गाडी वळणावर दिसली, हँडल वळले, झोल सैलावला, ताणला, पुन्हा सैलावला. रेस जागची हलली नाही. त्या गाडीवरची ती ताठ बैठक पाहून शेजारणीला म्हणाले, "पाहिलंत? आमची सून."

घरात येऊन तिने रीतसर पेटी उघडली.

"वय सांगा."

"तुला माहीत आहे."

"नियम आहे, मॅडम. मागच्या वेळी यावरून माझा एक गुण गेलाय."

"पंच्याहत्तर."

"शहात्तर!" आतून ह्यांचा आवाज आला.

(पंच्याहत्तर पूर्ण, म्हणजे शहात्तरावे चालू. दोन्ही उत्तरे बरोबर.)

तिने दंड धरला. बोटे उबदार होती. ताज्या इस्त्रीच्या कपड्याला असते तशी ऊब. सुई एकदाच टोचली. मी चष्मा लावला आणि लिहिले, 'दहापैकी नऊ.' दहावा गुण मी परमेश्वरासाठी राखून ठेवते, आणि त्यालाही तो अद्याप दिलेला नाही. फेरी वाचली. सूनबाईने वाकून नमस्कार केला आणि स्वतःजवळचा एक कागद भरू लागली.

"तो कसला?"

"केंद्राने नवीन काढलाय. आता आम्हीही ग्राहकाला गुण द्यायचे."

तिचे लिहून झाल्यावर मी कागद हातात घेतला. अक्षर सुवाच्य होते, तपशील नेमका होता, खाली सही आणि तारीख होती. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी! त्यात लिहिले होते:

'ग्राहक अर्धा तास थंडीत उभ्या राहिल्याने त्यांचे हात बर्फासारखे थंड, शीर उशिरा सापडली, वजा दोन. सुई टोचताना सूचना केल्या, वजा एक. वय चुकीचे सांगितले, वजा एक. एकूण दहापैकी सहा.'

मी बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती.