डब्यातला हात

ग्वाल्हेरला लागून असलेल्या मुरारच्या आमच्या घरात पिठाचा डबा उघडला की आत एक हात दिसायचा. घाबरू नका, हात अक्काचा, म्हणजे माझ्या आजीचा. डबा भरला की ती वाटीच्या बुडानं पीठ सारखं करायची आणि मधोमध उजवा पंजा दाबून ठेवायची. पुढच्या वेळी झाकण काढलं की आधी पंजा तपासायचा, मग पीठ घ्यायचं, मग पुन्हा नवा पंजा. कणीक, बेसन, तिखट, पिठीसाखर, सगळ्यांवर हा पहारा असे. पीठ कमी झालेलं चटकन कळत नाही, पण मोडलेला हात लगेच कळतो, असं तिचं शास्त्र होतं.

या हाताची नक्कल करता येत नसे. लहानपणी दारात सापडून अक्काची करंगळी वाकडी झाली होती, आणि ती वाकडी करंगळी ठशातही उमटायची. माझ्या काकानं एकदा पिठीसाखर फस्त करून वर स्वतःचा पंजा दाबला. अक्कानं झाकण काढलं, आत पाहिलं आणि काकाला हाक मारून शांतपणे विचारलं, "का रे, माझी करंगळी सरळ केव्हा झाली?" काका तेव्हा शाळेत मास्तर होता आणि मुलांना खोटं बोलू नये असं शिकवत होता.

अक्काचा कोणावरही भरोसा नव्हता. दूधवाल्यानं माप आधी पालथं करून दाखवायचं, मगच ओतायचं. चक्कीवर दळण दिलं की मला तिथे बसवून ठेवायची, कारण चक्कीवाला आपल्या गव्हात दुसऱ्याचे गहू मिसळतो. देवळात गेली की एक चप्पल या दाराशी आणि दुसरी त्या दाराशी काढायची. चोराला जोड लागतो, एक चप्पल तो काय करणार? परत येताना मात्र दुसरी कुठे काढली ते तिलाच आठवत नसे, आणि मग संशय पुजाऱ्यावर जाई. "दाळीत काही काळं आहे," हे तिचं ठरलेलं वाक्य. दक्षिणेतल्या, मराठी मुलखातल्या आमच्या नातेवाइकांना ते ऐकून हसू यायचं. मराठीत पाणी मुरतं, दाळीत काळं हिंदीवाल्यांच्या असतं, असं ते म्हणत. अक्का म्हणायची, आम्ही ग्वाल्हेरचे, आमचं दोन्ही होतं.

या स्वभावाला कारण होतं. आजोबा संस्थानच्या फौजेत होते. ते लढाईवर निघाले तेव्हा एक अधिकारी घरी येऊन, काळजी करू नका, दिवाळीपर्यंत परततील, असं सांगून गेला. दिवाळी आली, आजोबा आले नाहीत. पुढे किती दिवाळ्या गेल्या. तेव्हापासून अक्का सरकार नावाच्या वस्तूला दूधवाल्याच्याही खालचा दर्जा देई.

आणि नेमकं सरकारच आमच्या घरात राहत होतं, कारण बाबा दफ्तरात कारकून होते. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, आणि राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असं ठरलं. दर उन्हाळ्यात बाबा फायलींच्या पेट्यांबरोबर इंदूरला जात आणि थंडी पडू लागली की परत येत. "राजधानी आहे की माहेरवाशीण?" अक्का विचारायची. पण मनातून तिला ती व्यवस्था पसंत होती. माहेरवाशीण झाली तरी शेवटी घरी परत येतेच.

मग राज्यांची पुनर्रचना आली. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला आणि राजधानी भोपाळला ठरली. बाबांचं दफ्तर कायमचं तिकडे हलणार होतं. काकाची शाळा मुरारलाच होती, म्हणून तो राहणार. आई, बाबा आणि मी जाणार. हे अक्काला सांगायचं कोणी, यावर घरात कुजबुज सुरू झाली आणि शेवटी दसऱ्यानंतर सांगू असं ठरलं.

ज्या बाईला साखरेतली करंगळी कळते, तिच्यापासून बदली लपवायची म्हणजे काय ते तुम्हीच समजा. आईनं नवा स्टोव्ह आणला, तो अक्कानं पाहिला. बाबांनी पडावाच्या बाजारातून ट्रंकेला नवी कडी बसवून आणली, तीही पाहिली. चांगल्या चार पातेल्यांना कल्हई झाली आणि ती पुन्हा फळीवर गेलीच नाहीत. अक्का कोणाला काही बोलली नाही. मला मात्र गुळाचा खडा देऊन आईच्या पाळतीवर ठेवलं. तिकडे आईनंही मला गुळाचा खडा दिला, अक्का काय काय विचारते ते येऊन सांगायला. त्या दिवसांत मी फार गूळ खाल्ला.

सगळे पुरावे जमल्यावर अक्कानं निकाल लावला, आणि तो साफ चुकला. दुपारच्या जेवणात, बाबांच्या पानात भात वाढता वाढता ती म्हणाली, "गणू, सुमनला वेगळी चूल मांडायची आहे. स्टोव्ह आला, भांडी झाली. मला आंधळी समजू नका."

आईच्या हातातली आमटीची वाटी तशीच राहिली. इतकी वर्षं एका चुलीवर दोघींनी स्वयंपाक केला होता, आणि घरात वेगळी चूल या शब्दांहून मोठी शिवी नव्हती. आई न जेवता उठून गेली. मग बाबांना खरं सांगावंच लागलं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "राजधानी परत केव्हा येईल?"

"या वेळी नाही येणार, अक्का."

"दाळीत काही काळं आहे," अक्का म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता.

बाबांनी तिला चल म्हणून खूप विनवलं. ती तयार होईना. सरकारचं मन बदललं, राजधानी परत आली, तर गणूला उतरायला घर नको का, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, बरं, मग मीच दिवाळीला... तिनं त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. "केव्हा येशील ते सांगू नको. सांगितलं की माणूस येत नाही."

आईशी मात्र ती त्या वेगळ्या चुलीबद्दल एक अक्षर बोलली नाही. चूक झाली असं म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं थालिपिठाची भाजणी करायला घेतली. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धणे, सगळं वेगवेगळं भाजलं, आणि चक्कीवर या वेळी स्वतः जाऊन बसली. मोठा डबा भरला, पीठ सारखं केलं, पंजा दाबला आणि झाकणाभोवती फडकं बांधून डबा आईच्या हातात दिला.

"मांडीवर घेऊन बस. गाडीत आदळू देऊ नको. तिथे गेल्यावर बघ, वाटेत कोणी हात तर नाही घातला."

आईनं तो डबा भोपाळपर्यंत खरंच मांडीवर नेला. नव्या घरात पोचल्यावर पहिल्यांदा तोच उघडला. कडेचं पीठ जरा ढासळलं होतं, पण हात जागच्या जागी होता, वाकड्या करंगळीसकट. आईनं पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

त्यानंतर आमच्याकडे थालीपीठ झालंच नाही. मी मागायची आणि आई म्हणायची, आज नको, उद्या बघू. बाजारातून दुसरं पीठ येई, त्याची धिरडी होत, पण भाजणीचा डबा वरच्या फळीवरून जेवणासाठी कधी खाली आला नाही. मी अक्काची नात. मला वाटलं, दाळीत काळं आहे. आईनं ती वेगळी चूल मनात धरून ठेवली आहे आणि अक्काच्या हातचं तिला आता घरात नको आहे. बाबांनाही तसंच वाटत असावं, कारण त्या डब्याचा विषय निघाला की ते वर्तमानपत्र उघडत.

संक्रांतीला अक्का आली. आधी कळवलं नव्हतं. काकाला बरोबर घेऊन टांग्यातून उतरली, दूधवाला कसा आहे ते दारातच विचारलं आणि पाय धुऊन थेट स्वयंपाकघरात गेली. डबे एकेक करून उघडायला लागली. आम्ही सगळे दारात उभे होतो. भाजणीचा डबा खाली काढताना तो किती जड आहे ते तिला हातांनीच कळलं असणार.

तिनं झाकण काढलं. आत तिचा हात होता, तिनं ठेवला होता तसाच.

सगळी हयात तो हात जागेवर आहे ना, हे बघण्यात गेली होती. त्या दिवशी तो जागेवर सापडला आणि अक्काचा चेहरा उतरला. मी तिला इतकी म्हातारी कधी पाहिली नव्हती.

"उघडलाही नाहीस," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"रोज उघडते, अक्का," आई म्हणाली.

"मग?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुमचा हात मोडवत नाही मला."

अक्का डब्याकडे बघत राहिली, मग आईकडे. तिनं आईचा चेहरा पंजा तपासायची तसाच तपासला, कुठे काही खोट दिसते का म्हणून. मग खाली बसली, परात मागितली आणि त्या हातावर स्वतःचाच हात घालून मूठभर पीठ उपसलं. "खवट लागेल आता," ती म्हणाली. "वेडी कुठली. खायची वस्तू होती ती." थालिपिठं खरंच जरा कडवट लागली. आईनं सगळ्यांत जास्त खाल्ली, रडत रडत, आणि अक्का तिला वाढत राहिली.

अक्का भोपाळला राहिली नाही. मुरारचं घर रिकामं ठेवून चालायचं नाही, राजधानीचं काही सांगता येत नाही, असं म्हणून तिनं परतीची तयारी केली. जाण्याआधी ताजी भाजणी करून डबा भरला, वाटीच्या बुडानं पीठ सारखं केलं आणि सवयीनं पंजा उचलला. उचललेला हात तसाच थांबला. "नको," ती म्हणाली. "तू खाणार नाहीस." आणि झाकण उचलता उचलता पुन्हा वाकून, डब्याच्या अगदी कडेला, फक्त ती वाकडी करंगळी टेकवली. "इतकी मोडली तर चालेल ना?"

आई चालेल म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं थालिपिठं करायला घेतली, तेव्हा मी जवळच बसले होते. डबा उघडून तिनं तो हळूच फिरवला आणि पलीकडच्या बाजूनं पीठ काढलं.