आज ड्यूटीवर कोण?

टिपणीसकाकांच्या घरी मिसळणाचा डबा होता, पण त्यात ना मोहरी होती, ना हळद, ना हिंग. सात वाट्यांत सात मनगटी घड्याळं होती. रोज सकाळी काका हा डबा घेऊन जिन्यात उभे राहायचे, झाकण उघडायचे, सातही घड्याळांना चावी द्यायचे आणि मग स्वतःलाच विचारायचे, "हं, आज ड्यूटीवर कोण?"

राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत आमची दारं समोरासमोर. ऑफिस एक, सेक्शनही एकच. ते मुरलेले, मी पुण्याहून नुकताच आलेला. आम्ही बरोबर निघायचो. मी रोज थोडा उशिरानेच दाराबाहेर यायचो, तरी काकांची निवड संपलेली नसायची.

"आज साहेबांबरोबर मीटिंग. त्यागीजी घेऊ? ते कोणाच्या बापाला घाबरत नाहीत. पण त्यागीजी परवाच येऊन गेले. घोषबाबूंची फार रजा झाली, नाही का रे?"

"काका, घड्याळ आहे ते. कुठलंही घाला, चला."

"कुठलंही कसं? बिल्कुल नाही, यार!"

लोक गाईम्हशींना नावं देतात, तशी यांनी घड्याळांना दिली असतील, असं मी धरून चाललो होतो. लग्न न केलेल्या माणसाला काहीतरी नाद हवाच. माझी बायको सुधा म्हणायची, "चांगला डबा वाया घालवलाय. विचार की, बदल्यात स्टीलचं पातेलं देते म्हणावं." मी कधी विचारलं नाही. सीनियर माणूस, उगाच कशाला विषाची परीक्षा!

त्या सुमारास सरोजिनी नगरच्या बाजारात सेलवर चालणारी घड्याळं भाजीसारखी मिळू लागली होती. मीही एक घेतलं आणि मोठ्या ऐटीत काकांना दाखवलं. काकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, चावी फिरवली तर ती नुसतीच फिरत राहिली, तेव्हा परत माझ्या हातात ठेवलं.

"अच्छा. म्हणजे याला रोज कोणी हात लावायची गरज नाही. मग ते कसलं घड्याळ रे?"

एकदा भाचीच्या लग्नासाठी काका चार दिवस इंदूरला निघाले. जाताना डबा माझ्या हवाली केला. "रोज सकाळी सगळ्यांना चावी दे. बाकी काही करू नकोस." आता 'बाकी काही करू नकोस' म्हटल्यावर मराठी माणसाच्या हाताला खाज सुटतेच. पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं की सातांपैकी सहा घड्याळं साफ चुकीची आहेत. कुठलं पुढे, कुठलं मागे. रेडिओवर बातम्या लागताच मी सहाच्या सहा घड्याळं मिनिटापर्यंत अचूक लावली आणि काका किती खूश होतील, या कल्पनेनेच चार दिवस खूश राहिलो.

काका आले, त्यांनी डबा उघडला आणि जिन्याच्या पायरीवर मटकन खालीच बसले.

"अरे, नाडकर्णींना वेळेवर आणलंस तू?"

"म्हणजे?"

"नाडकर्णी दहा मिनिटं पुढे असायचे रे! बस चुकेल, ही धास्ती त्यांना जन्मभर. घोषबाबू पाव तास मागे, कारण मासळी घेतल्याशिवाय ते बाजारातून हलायचे नाहीत. त्यागीजी चार मिनिटं पुढे, ते फक्त घरी जाण्यासाठी. आणि तू सगळ्यांना एका रांगेत उभं केलंस!"

तेव्हा मला उलगडा झाला. आमच्या सेक्शनमध्ये रिटायर होणाऱ्याला निरोपाच्या वेळी नवं घड्याळ द्यायची पद्धत होती. ज्याला आता वेळ पाहायची गरजच नाही, त्याला घड्याळ! नवं हातात पडलं की काका त्याचं जुनं मागून घेत. मग नाडकर्णी रत्नागिरीला जात, घोषबाबू कलकत्त्याला, त्यागीजी मेरठला. ज्याचं घड्याळ काकांच्या हातात, त्याला त्या दिवशी एक पोस्टकार्ड. मला विलक्षण शरम वाटली. मी सहा माणसांची मोडतोड केली होती.

"एक मधल्या वाटीतलं बरोबर होतं, ते कोणाचं?" मी विचारलं.

"माझं. रविवारी घालतो."

"तुम्ही कधी जाणार गावी?"

"माझं गाव म्हणजे हाच जिना, यार," काका म्हणाले आणि नाडकर्णींना दहा मिनिटं पुढे करायला लागले.

पुढे मी सरकारी नोकरी सोडून नोएडातल्या एका खाजगी कंपनीत लागलो. फ्लॅटही तिकडेच घेतला. ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. टेम्पोत सामान चढल्यावर काका डबा घेऊन खाली आले.

"तुझं घड्याळ देऊन जा."

"काका, ते सेलचं आहे. चावी लागत नाही त्याला."

"असू दे. फक्त सात मिनिटं मागे कर. रोज जिन्यात तेवढाच वेळ तू मला थांबवायचास."

मी मागे केलं. पण डब्यात वाटी रिकामी कुठे होती? काकांनी मधल्या वाटीतलं स्वतःचं घड्याळ काढलं, तिथे माझं ठेवलं आणि त्यांचं माझ्या मनगटावर बांधलं. "रोज चावी दे. विसरलास तर बंद पडेल." एवढंच म्हणून ते जिना चढून गेले. यमुनेच्या पुलापर्यंत मी ते घड्याळ कानाला लावून बसलो होतो.

मी इमानाने चावी देत होतो. मागच्या शनिवारी मात्र विसरलो, आणि रविवारी सकाळी पाहतो तो काकांचं घड्याळ पावणेचारला बंद पडलेलं. घरात वेळ दाखवणाऱ्या चार वस्तू होत्या. मी बस पकडली आणि लक्ष्मीबाई नगर गाठलं.

काकांनी दार उघडलं. त्यांच्या हातात माझं घड्याळ होतं.

"काका, किती वाजले?"

त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "तुझे साडेदहा," ते म्हणाले. "म्हणजे दहा सदतीस. आजही मला थांबवलंसच की रे. आत ये."