आप्पा वकिलांचा परदेशी प्रतिवादी

आप्पा वकील चहाच्या गाड्यापाशी उभे राहून परदेशी सरकारांना शिक्षा ठोठावायचे. कुठल्या देशानं कुठं बाँब टाकल्याचं पेपरात आलं, की बशी आपटून गर्जना व्हायची, "हाजीर करा त्याला! कोल्हापूरच्या कोर्टात हाजीर करा!" चहावाल्यानं त्यांच्यापुरती स्टीलची बशी आणून ठेवली होती. मी त्यांचा ज्युनिअर, त्यामुळे हसायची सोय नव्हती.

नव्वदचं दशक सरत असताना त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, बसूला, आखातातल्या एका सरकारनं तुरुंगात डांबलं. तो तिथं ड्रायव्हर होता. गुन्हा काय, खटला कधी, कुणी सांगेना. आप्पांनी सरळ त्या सरकारवरच इथं दावा लावला. वकिलांची बार रूम पोट धरधरून हसली. परक्या सरकारवर दावा चालवायचा तर दिल्लीची मंजुरी लागते, हे लॉ कॉलेजातलं पोरगंही सांगेल.

"ठाऊक हाय रं," आप्पा मला म्हणाले. "दिल्लीला तेल पायजे, मला पोरगं पायजे. मागून तर बघू की."

दिल्लीचं उत्तर आलं आणि दावा सुनावणीसाठी बोर्डावर लागला. पट्टेवाल्यानं व्हरांड्यात त्या सरकारच्या नावानं पुकारा केला. कुणी हसलं नाही. जज्जसाहेबांनी उत्तर वाचून दाखवलं: दोन्ही देशांचे संबंध पाहता मंजुरी देता येत नाही.

"साहेब, पोरगं जितं हाय का, येवढं तरी इचारा त्यास्नी." आप्पांनी अशिलासारखे हात जोडले होते.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, शेजाऱ्यानं तुमचा बांध फोडला असता तर त्याला मी ओढून आणलं असतं. इथं माझा हात पोचत नाही, आणि दिल्ली पोचू देत नाही."

दावा निकाली निघाला. मला भयंकर संताप आला. तेलासाठी गप्प बसायचं आणि त्याला कायदा म्हणायचं!

मी आप्पांना मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी पोचवायला गेलो. काकी, म्हणजे बसूची आई, दारातच उभ्या होत्या.

"काय झालं वो?"

"तारीख पडली."

"कवाची?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"दिवाळीनंतरची, काकी," मी म्हणालो.

"म्हंजे थंडीतच ईल की बसू! त्याची वाकळ धुऊन ठिवते."

"थांब, वली झाली की तुला उचलायची न्हाय," असं म्हणत आप्पा काळा कोट न काढताच काकींच्या मागं परसात गेले.