चार नंबरचं रोप आणि काकूंची दाढ

घड्याळकाकांच्या घरात त्या सकाळी किती वाजले होते, हे सांगायची सोय नाही. घरातली सातही घड्याळं बंद होती. स्वयंपाकघरातलं पावणेतीनवर अडलेलं, बाहेरच्या खोलीतलं सव्वाअकरावर, आणि बाकीची आपापल्या मर्जीने. चाळीस वर्षं ज्याने लोकांची घड्याळं दुरुस्त करून दिली त्या माणसाच्या घरी ही दशा. काकूंना वेळ कळायला हवी असली, की त्या खिडकीतून समोरच्या शाळेची घंटा कधी होते याची वाट बघत बसायच्या.

"चहा घेताय?"

"दे."

"साखर घालू?"

"घाल."

दिवसभराचं बोलणं बहुतेक इथेच आटपायचं.

झालं होतं असं, की काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. एका बाईच्या मनगटी घड्याळाचा तिळाएवढा स्क्रू त्यांच्या चिमट्यातून निसटला आणि काका दोन दिवस दुकानाच्या फरशीवर रांगत तो शोधत राहिले. स्क्रू काही मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंची माफी मागितली, दुकानाला कुलूप घातलं, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले, ते चार महिने तसेच बसून होते. घड्याळांना किल्ली द्यायचंही सोडलं. कवळीसुद्धा जेवणापुरती लावायचे, एरवी ती पेल्यात पाण्यात पडलेली. बोलायचंच नाही तर दात कशाला, असं त्यांचं म्हणणं असावं. म्हणजे तसं ते म्हणालेही नव्हते.

काकूंना काय करावं कळेना. माणूस आजारी असता तर औषध दिलं असतं, रागावला असता तर भांडता आलं असतं. हा नुसता बसल्या जागी विझत चालला होता. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा कसे आहेत?" काकू म्हणायच्या, "आहेत." याहून जास्त सांगण्यासारखं काही नसायचं.

खिडकीच्या कट्ट्यावर काकूंनी लिंबाच्या बिया लावल्या होत्या. कान तुटलेल्या नऊ कपांत नऊ रोपं, प्रत्येकाला जेमतेम पाच-सहा पानं. मुलगी नव्या घरात राहायला जायची होती, तेव्हा तिला ती द्यायची होती. त्यातल्या एका रोपावर काकूंना पांढरं काहीतरी दिसलं. उशीतला कापूस उडून बसला असेल म्हणून त्यांनी फुंकर मारली. कापूस हलला नाही. थोड्या वेळाने तो आपणहून हलला.

"अहो, हे काय आहे बघा जरा. हा कापूस चालतोय."

काकांनी कप हातात घेतला, डोळे बारीक केले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागितलं. "माझं भिंग आण."

डोळ्याला लावायचं ते काळं भिंग काकूंनी कपाटातून काढून दिलं. काका खिडकीच्या उजेडात जाऊन बसले. पान उलटं केलं, देठाची बेचकी पाहिली, खोड बुडापर्यंत पाहिलं.

"पिठ्या ढेकूण," ते म्हणाले. "मोठे अकरा. पिल्लं वेगळी. रस शोषतात हे. पान चिकट लागतंय, बघ."

"मग आता काय करायचं हो?"

"आता काय? हे रोप बाकीच्यांपासून लांब ठेव. औषधवाल्याकडून स्पिरिट आण, कापूस आण. आणि माझी कवळी कुठेय?"

त्या दिवसापासून घराचं दुकान झालं. काकांनी प्रत्येक कपाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, दुकानात गिऱ्हाइकाच्या घड्याळाला बांधायचे तशी. 'क्रमांक ४. बेचकीत ११. पुसले. चार दिवसांनी पुन्हा पाहणे.' काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये जरासा बुडवायचा, ढेकणावर टेकवायचा. हात थरथरत होताच.

"घड्याळाला हात हललेला चालत नाही," काका म्हणाले. "ढेकणाला चालतो. उलट जास्त पुसला जातो."

हा विनोद होता हे काकूंच्या जरा उशिरा लक्षात आलं. रात्री त्यांनी तो आठवून आठवून पुन्हा ऐकला. दुसऱ्या दिवशी काकांनी बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाला किल्ली दिली, दर चार दिवसांनी तपासणी ठरल्या वेळेला व्हायला हवी म्हणून.

तीन आठवड्यांनी काकांनी नऊही रोपं भिंगाखालून घातली. "स्वच्छ," ते म्हणाले. भिंग पुसून डबीत ठेवलं, हात धुतले, आणि भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले. संध्याकाळी कवळी पेल्यात गेली. आठ दिवसांत बाहेरचं घड्याळही थांबलं, चार वाजून वीस मिनिटांनी.

काकूंना रडू आलं. मेल्या ढेकणांना मरायची काय घाई होती, असंही एकदा मनात येऊन गेलं. आणि त्यांना एकदम आठवलं, की आपण वर्षापूर्वी दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, तिथे बाहेरच्या बाकाशेजारी एक रुंद पानांचं झाड होतं आणि त्याच्या देठांत असाच कापूस होता. दाराआडच्या दुसऱ्या कुंडीतही होता. तेव्हा वाटलं होतं, दवाखान्यात कापूस असायचाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतले कपडे घातले, चेहऱ्याला पावडर लावली, चष्म्याची रिकामी डबी पर्समध्ये टाकली.

"कुठे निघालीस?"

"दाढ दुखतेय. डॉक्टरांना दाखवून येते."

"हं," काका भिंतीला म्हणाले.

दवाखान्यात बाकावर दुसरं कोणी नव्हतं. काकूंनी झाडाचं एक पान खुडून डबीत घातलं, तेवढ्यात आतून बोलावणं आलं. डॉक्टर तरुण होता आणि कामसू होता, हीच पंचाईत. त्याने आरसा घालून एकेक दात ठोकून पाहिला.

"इथे दुखतं?"

"आँ."

"कीड तर कुठे दिसत नाही, काकू."

मांडीवरच्या पर्सवर काकूंनी हात घट्ट धरला.

घरी येऊन त्यांनी चार नंबरच्या रोपावर ते पान हलकेच झटकलं. दोन दिवस थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, कापूस परत आलाय."

काका उठले. भिंग लावलं. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी भिंग डोळ्यावरून काढून काकूंकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "अंडी राहिली असतील."

पुन्हा कवळी लागली, चिठ्ठ्या बदलल्या, घड्याळ चालू झालं. दोन आठवडे घरात माणसं राहत असल्यासारखं वाटलं. काका जेवताना बोलायचे, ढेकणांबद्दलच बोलायचे, पण बोलायचे. नंतर पुन्हा 'स्वच्छ' झालं, पुन्हा भिंत आली, आणि काकूंची दाढ पुन्हा दुखायला लागली.

खोट्याचं असंच असतं, ते एकदा सांगून भागत नाही. दुसऱ्या खेपेला डॉक्टरने फोटो काढला. तिसऱ्या खेपेला तो खुर्ची जवळ ओढून गंभीर झाला.

"काकू, फोटोत काही नाही. पण तुम्ही तिसऱ्यांदा येताय, म्हणजे त्रास असणारच. आणि ही शेवटची दाढ तशी हलतेच आहे. काढून टाकू. रोजची कटकट नको."

"आज राहू दे," काकू म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाला आणि त्याने सुई भरली.

आता सांगणार काय? माझी दाढ ठणठणीत आहे, मी तुमच्याकडे ढेकूण चोरायला येते, असं? काकूंनी डोळे मिटले. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच. दाढ निघायला वीस मिनिटं लागली, कारण ती म्हणण्याइतकी काही हलत नव्हती.

तोंडात बोळा धरून त्या बाहेर आल्या, तर डॉक्टर मागोमाग आला. "काकू, एक विचारू? तुम्ही येता तेव्हा या झाडाशीच उभ्या असता. पानांवरून हात फिरवता. आमच्याकडे त्याला बघायला कोणी नाही, मरायलाच टेकलंय. तुम्ही घेऊन जा. तुमच्याकडे जगेल."

काकूंनी जोरजोरात मान हलवली.

"संकोच करू नका," डॉक्टर म्हणाला. बोळ्यामुळे काकूंना 'नको' म्हणता येईना, आणि त्याने कुंडी उचलून रिक्षात ठेवलीसुद्धा.

घरी काका खुर्चीतच पेंगत होते. काकूंचा जबडा बधिर, डोकं गरगरत होतं. छातीएवढं ते झाड त्यांनी कसंबसं खिडकीशी टेकवलं आणि जाऊन पडल्या, त्या थेट संध्याकाळी उठल्या. काका भिंग लावून झाडासमोर उभे होते. झाडाची पानं नऊही कपांवर पसरली होती.

"हे कोणी दिलं?"

"दोक्तलनी," काकू म्हणाल्या.

"हे मोजायचं काम नाही," काका एवढंच म्हणाले, आणि मोठं झाड त्यांनी ओढत न्हाणीघरात नेलं.

पुढचे दोन आठवडे वाईट गेले. काका सकाळपासून अंधार पडेपर्यंत पुसत होते. न्हाणीघरातलं ते थोराड झाड साबणाच्या पाण्याने आंघोळी करून चक्क टवटवीत झालं. पण कोवळ्या रोपांना ना ढेकूण सोसले, ना इतकं स्पिरिट. आधी पानं पिवळी पडली, मग कडा करपल्या, मग नुसत्या काड्या उरल्या. रोगाने मेली की औषधाने, हे सांगणं कठीण होतं. सात नंबरचं गेलं, दोन नंबरचं गेलं, नऊ नंबरचं गेलं. काका प्रत्येकाची चिठ्ठी सोडवून घडी करून डबीत ठेवत होते. सहावं गेलं ते चार नंबरचं.

ती काडी कपातून उपटताना काकूंचा बांध फुटला. "मी मारली हो ती. मीच आणत होते ढेकूण. दवाखान्यातल्या बाकाजवळच्या नाहीतर दाराआडच्या कुंडीतून, चष्म्याच्या डबीत घालून. तुम्ही खुर्चीत बसून संपत चालला होतात, मला बघवेना. दाढ दुखतच नव्हती माझी."

काका कपातली माती बोटाने सारखी करत राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू पहिल्यांदा दवाखान्यातून आलीस तेव्हापासून. आपल्याकडचे जे होते ना, त्यांना शेपटी नव्हती. नंतरच्यांना मागे दोन लांब शेपट्या. जातच वेगळी. भिंगातून स्वच्छ दिसतं. ते आपल्या घरात आपोआप कुठून येणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू दिवसभर त्या खिडकीत बसून घंटेची वाट बघायचीस. औषधवाल्यापर्यंत गेलीस तेवढीच, एरवी घराबाहेर पडली नव्हतीस. मला वाटायचं, ही आता अशीच सुकणार. मग एक दिवस पावडर लावून निघालीस. आलीस ती तरतरीत. म्हटलं, हिला निमित्त मिळालंय तर मिळू दे. मी आपला पुसत बसलो. मला तर कंटाळा आला होता गं त्या ढेकणांचा. शेपट्या बघून बघून स्वप्नात यायला लागले."

काकूंनी डोळे पुसले. ज्याच्यासाठी त्यांनी चांगली दाढ घालवली, तो त्यांच्यासाठी ढेकूण पुसत बसला होता.

"दाढेचं तेवढं मला कळलं नाही," काका म्हणाले. "खरंच दुखत असेल असं वाटलं. त्याचं वाईट वाटतं."

उरली तीन रोपं. ती निरोगी होती, पुसण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवस काका खुर्चीत आणि सुजलेला गाल घेऊन काकू खिडकीत, असं चाललं. काकू काकांकडे बघत होत्या आणि काका भिंतीकडे. मधेच काका मान वळवून काकूंकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंना जाग आली तर काका आरशासमोर उभे. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, भिंगाची डबी खिशात. दुकानाला कुलूप घातल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, त्यामुळे चपला मात्र त्यांना सापडत नव्हत्या.

"कुठे निघालात?"

"डॉक्टरकडे. दाराआड आणखी एक कुंडी आहे म्हणालीस ना? तुझ्याच्याने आता जाववणार नाही. दाढ दुखते म्हणूनच सांगायचं ना?"

"अहो, नका," काकू म्हणाल्या. "तो ऐकून घेत नाही. खरोखर काढतो."

"काढू दे," काका म्हणाले, आणि कवळी काढून त्यांनी ती पेल्यात ठेवली.

काकूंनी चपला शोधून दिल्या आणि चष्म्याची डबी पुसून त्यांच्या हातात ठेवली.