निळ्या गावातला लाल किशोर

रागिणीने आळस केला आणि तिथेच ती फसली. अकोल्याला ती पीएच.डी. करत होती. शेंदूरजनाघाटच्या तेरा संत्रा बागायतदारांकडून तिने फॉर्म भरून आणले होते: पाणी, शेणखत, फवारणी, फळगळ, अशा अठरा गोष्टी. कशाचा कशाशी संबंध, हे सॉफ्टवेअर रंगीत चौकटींत दाखवणार होतं. जोडीने वाढलं तर निळं, उलटं गेलं तर लाल. मार्गदर्शक हरिहर सर म्हणाले होते, "आधी फॉर्म डोळ्यांखालून घाल." तिने ते परस्पर टाइप करायला दिले आणि चित्र बसमध्ये काढलं. त्या घाईत तक्त्याचं आडवं उभं झालं, गोष्टींच्या जागी माणसं आली.

गावच्या समाजमंदिरात सरांसकट सारे जमले, पडदा उजळला, तर पाणी-खताच्या जागी तेरा शेतकऱ्यांची नावं! वर मथळा: 'सहसंबंध'. पुढच्या वर्षाच्या माहितीला गावाने आज नाही म्हटलं, तर रागिणीचा प्रबंध बुडालाच.

"पोरी, हे निळं काय होय वं?" खुशालराव उठले.

"दोघांचं जुळतं, काका."

"माह्यं न सूर्यभानचं? बारा वर्सं झाले, वावराच्या धुऱ्याची, बांधाची केस चालू हाये! अन् तू आमचा संबंध जोडून राहिली?"

"मले बी मंजूर नाई!" दुसऱ्या टोकाहून सूर्यभान ओरडला. बारा वर्षांत दोघांचं हे पहिलंच एकमत.

"अन् हा किशोर काहून लालभडक? साऱ्या गावाच्या उलट?" खुशालरावांनी पडद्याकडे बोट केलं.

"मी काय केलं बाप्पा?" पस्तिशीचा किशोर कावराबावरा झाला.

सरांनी फॉर्मांचा गठ्ठा चाळला. "रागिणी, बारा जणांचं शेणखत साडेसात गाड्याच? फवारणीची तारीख एकच? आणि अक्षरही?"

खुशालरावांच्या पत्नी पार्वताबाई शांतपणे म्हणाल्या, "संक्रांतीले साधनाच्या घरी हळदीकुंकू होतं, तवा आमी साऱ्या बायांनी मिळून भरले. माणसं म्हनत, तूच भर. चष्मा माह्याजवळच होता. साधना सांगे, मी लिवो."

साधना म्हणजे सूर्यभानची बायको.

"तू त्याइच्या घरी जाऊन राहिली?" खुशालरावांचा आवाज चिरकला.

"बारा वर्सांपासून. केस तुमची हाये, आमची नाई."

"मग किशोरचा फॉर्म?" सरांनी विचारलं.

"त्यानं सोताच भरला. त्याले बायको कुठी हाये!"

सरांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे अख्ख्या संशोधनात खरी माहिती या एकट्याची."

रागिणी धावतच किशोरकडे गेली. "दादा, पुढच्या वर्षीही तुम्हीच भराल ना?"

"भरतो न. पन रव्वारी पोरीवाले येऊन राहिले, मॅडम. पयलंच स्थळ हाये."

"नकार देऊन टाका!" तिच्या तोंडून निसटलं. तिलाच शरमल्यासारखं झालं.

किशोरने बराच विचार केला. "नकार काहून देऊ? फॉर्म मी पेटीत कुलूप लावून ठेवतो. पन 'हळदीकुंकवाले जाऊ नोको' असं बायको आली का तिले तुमीच सांगजा. माही हिंमत नाई."